घरच्या कॉम्प्युटरसाठी मोफत डीफ्रॅग सॉफ्टवेअर: कोणतं घ्यायचं, आणि मुळात घ्यायचं का?

'एखादं चांगलं, फुकटातलं डीफ्रॅग सॉफ्टवेअर सांग ना,' असा मेसेज आला की नाव सांगण्याआधी मी उलट विचारते: आत हार्ड डिस्क (फिरती तबकडी आणि ती वाचणारी दांडी असलेली) आहे की एसएसडी (नुसत्या चिप्सची)? बहुतेक वेळा पलीकडून येतं, 'ते कसं बघायचं?' म्हणून सुरुवात तिथूनच करू. उत्तर 'एसएसडी' निघालं, तर सॉफ्टवेअर निवडायचं कामच उरत नाही. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे पुन्हा सलग लावणं.

हे सगळं विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिते आहे. मॅक किंवा लिनक्स वापरत असाल तर तुम्हाला यातलं फारसं काही लागणार नाही. मोबाइलसाठी 'डीफ्रॅग ॲप' म्हणून जे मिळतं, ते सरळ काढून टाका.

तुकडे पडतात म्हणजे काय होतं

स्वारगेटहून सुटलेली लाल एसटी डोळ्यांपुढे आणा. सुटताना गाडी रिकामी असते, त्यामुळे सहा जणांचं कुटुंब चढलं तर त्यांना ओळीनं सहा जागा मिळतात. पुढे गाडी भरते. मग शिरवळला दोघं उतरतात, सुरूर फाट्याला तिघं, साताऱ्याला एक. आता साताऱ्याला दुसरं सहा जणांचं कुटुंब चढलं, तर दोघं ड्रायव्हरच्या मागे, तिघं मध्ये आणि आजोबा शेवटच्या बाकावर, अशी त्यांची वाटणी होते. हरवलं कोणीच नाही, सगळे गाडीतच आहेत. पण या एका कुटुंबाची तिकिटं फाडायला कंडक्टरला अख्खी गाडी फिरावी लागते.

हार्ड डिस्कवर फायलींचं नेमकं हेच होतं. विंडोज डिस्कचे छोटे छोटे कप्पे करतं; नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीत एक कप्पा ४ केबीचा असतो. फाइल पुसली की तिचे कप्पे मोकळे होतात. नवी मोठी फाइल आली आणि सलग जागा मिळाली नाही, की तिचे तुकडे मिळेल त्या मोकळ्या जागेत बसवले जातात. कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद असते, त्यामुळे फाइल उघडते बरोबर. वेळ जातो तो वाचणाऱ्या दांडीच्या फिरण्यात.

तो वेळ मोजता येतो. डेस्कटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला भाग दांडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. त्याआधी दांडी योग्य वर्तुळावर पोचायला साधारण ९ मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक जादा तुकड्यामागे १३ मिलिसेकंद धरा. जुन्या लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला याहून जास्त.

एखाद्या फाइलचे दोन हजार तुकडे झाले असतील, तर ती पूर्ण वाचताना २६ सेकंद नुसते दांडीच्या धावपळीत जातात. वर्षानुवर्षं थोडी थोडी वाढत गेलेली आउटलुकची मेलची फाइल किंवा टॉरेंटनं उतरवलेली फाइल हमखास या अवस्थेला येते. उलट १ जीबीच्या सिनेमाचे १६ तुकडे असतील, तर जादा वेळ सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा. तुम्हाला तो कळणारसुद्धा नाही. हा दुसरा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी डिस्क ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात डाव्या हाताला 'डिस्क ०', 'डिस्क १' अशी नावं दिसतात आणि त्यांच्याखालीच एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. २०२० च्या आधीच्या विंडोज १० मध्ये तिथे हे दिसत नाही. तसं असेल तर स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत डी-एफ-आर-जी-यू-आय ही सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' नावाची खिडकी उघडते. तिच्यातल्या 'मीडिया टाइप' या रकान्यात प्रत्येक ड्राइव्हची जात दिलेली असते. ही खिडकी पुढेही कामाला येणार आहे.

एसएसडी निघाली तर बाहेरचं कोणतंही डीफ्रॅग तिच्यावर चालवू नका. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. आपल्या एसटीतला कंडक्टर कोणत्याही सीटपाशी डोळ्यांची पापणी लवायच्या आत पोचत असेल, तर कुटुंब विखुरलेलं असलं म्हणून काय बिघडलं? शिवाय एसएसडीच्या पेशींवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, आणि डीफ्रॅग म्हणजे जीबीच्या जीबी पुन्हा लिहिणं. तिला हवं असतं ते 'ट्रिम': कोणते कप्पे आता मोकळे झाले हे विंडोजनं तिला कळवणं. विंडोज ८ पासून हे काम त्याच खिडकीतल्या वेळापत्रकानुसार आपोआप होतं. म्हणून एसएसडी घेतल्यावर ते वेळापत्रक बंद करून टाकायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या अवस्थेत परत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज अधूनमधून एसएसडीवरही थोडं डीफ्रॅग स्वतःहून करतं. ते विचारपूर्वक ठरवलेलं आहे, घाबरू नका.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांनाही हाच नियम.

बऱ्याच घरी सी ड्राइव्ह एसएसडीवर आणि फोटो-व्हिडिओंचा डी ड्राइव्ह हार्ड डिस्कवर असतो. तुमचंही तसं असेल तर पुढचं सगळं फक्त डी साठी वाचा. मात्र फोटो एकदा ठेवले की बदलत नाहीत, त्यामुळे अशा डिस्कवर तुकडे फारसे नसतातच.

डिस्क आजारी तर नाही ना?

ही पायरी लोक वगळतात. सगळ्यात महाग पडते ती हीच.

कॉम्प्युटर हळू होण्याचं एक कारण असं असतं, की डिस्कचा काही भाग खराब झालेला असतो आणि ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते. अशा डिस्कवर डीफ्रॅग चालवणं म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला पर्वती चढायला लावणं. काही तास सलग वाचायचं, सलग लिहायचं. अर्धमेली डिस्क त्यातच जाते आणि तिच्याबरोबर मुलांचे बारशापासूनचे फोटोही.

तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो. 'स्टँडर्ड' आवृत्ती उतरवा. जपानी कार्टूनमधल्या मुलींची चित्रं असलेल्या आवृत्त्याही त्याच पानावर दिसतील, म्हणून चुकीच्या जागी आलो असं समजू नका. उघडल्यावर वरच डिस्कची प्रकृती दिसते: निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. खालच्या यादीत तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेले भाग. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालाची वाट बघत असलेले भाग. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. तिन्हींच्या उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असतील तर पुढे चला.

सी५ पुढे शून्याव्यतिरिक्त काही असेल, किंवा डिस्कमधून 'टक्... टक्...' असा ठरावीक आवाज येत असेल, तर हा लेख इथेच ठेवा. आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि नवी डिस्क बघायला लागा. डिस्क ठणठणीत असली तरी एक बॅकअप असू द्या, पण ते तुम्हाला माहीतच आहे.

याच जोडीची दुसरी खबरदारी. एखादी फाइल चुकून पुसली गेली असेल आणि ती परत हवी असेल, तर ती मिळेपर्यंत डीफ्रॅगला हात लावू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिचे कप्पे फक्त 'मोकळे' म्हणून नोंदले जातात आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तेच शोधतं. डीफ्रॅग नेमकं त्या मोकळ्या कप्प्यांत दुसऱ्या फायली आणून बसवतं. आमच्या नात्यातल्या एका मुलानं लग्नाच्या फोटोंचा फोल्डर उडवला आणि 'आधी डिस्क नीट करून घेऊ' म्हणून रात्रभर डीफ्रॅग लावलं. सकाळी रिकव्हरीत अर्धे फोटो सापडले, तेही बरेचसे खालून राखाडी झालेले.

दोष तुकड्यांचाच आहे का?

टास्क मॅनेजर उघडाच आहे, तर मेमरीचा आकडा बघा. ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या दहा टॅब उघडल्या की मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. मग विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर टाकायला आणि परत उचलायला लागतं. डिस्क १०० टक्के दिसते, दिवा लुकलुकत राहतो आणि आपण म्हणतो डीफ्रॅग करायला हवं. इथे डीफ्रॅगनं काडीचाही फरक पडणार नाही. आणखी एक रॅमची पट्टी घातली तर पडेल.

तसंच स्टार्टअप हा भाग उघडा. कॉम्प्युटर सुरू होताच स्वतःहून सुरू होणारी मंडळी तिथे असतात: प्रिंटरचा मदतनीस, कधीकाळी एका मीटिंगपुरतं घेतलेलं ॲप, दोन-दोन क्लाउड. नको ती बंद करा. दोन दिवस वापरून बघा. कित्येकांचं काम इथेच भागतं.

आवराआवर डीफ्रॅगच्या आधी

भरलेल्या गाडीत कुटुंबाला एकत्र बसवायचं तर कोणाला तरी क्षणभर उभं करावं लागतं, आणि उभं राहायलाच जागा नसेल तर कोणीच हलू शकत नाही. डिस्कवर किमान १५ टक्के जागा मोकळी हवी, असं जुनी विंडोज स्वतःच सांगायची. तो नेम आजही चांगला आहे.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असे आत जा. जुन्या विंडोजची शिल्लक, अपडेटच्या फायली, रिसायकल बिन यांत कधी कधी पंधरा-वीस जीबी अडकलेले असतात. फक्त त्या यादीत 'डाउनलोड्स' अशीही एक ओळ असते. तिच्यावर टिक नाही ना, हे बघूनच पुसायचं बटण दाबा. आधार, पॅन, गॅसची पावती, शाळेचा दाखला, सगळं तिथेच पडलेलं असतं.

आवरून मग डीफ्रॅग, हा क्रम बदलू नका. आधी फायली लावून घेतल्या आणि नंतर वीस जीबी पुसले, तर पुन्हा मध्ये मध्ये भोकं पडतात.

विंडोजमधलं डीफ्रॅग

आता 'कोणतं' या प्रश्नाकडे. माझं म्हणणं असं, की घरगुती वापरातल्या बहुतेकांना लागणारं मोफत डीफ्रॅग त्यांच्याकडे आधीच आहे. ते आवडत नाही, याचं खरं कारण ते काम करताना काही दाखवत नाही एवढंच असतं. १९९३ च्या डॉस ६ मध्ये सिमँटेककडून घेतलेलं डीफ्रॅग होतं, त्यानंतर विंडोज ९५ आणि ९८ मधलं आलं. त्यातले रंगीत चौकोन एकेक करून सरकताना बघत बसणं ही एक करमणूकच होती. विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टनं ते चित्र काढून टाकलं, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की आतलं डीफ्रॅग काही करतच नाही.

आतली गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये, चालू विंडोजमध्ये फाइलचा तुकडा सुरक्षितपणे हलवण्याची सोय विंडोजच्या गाभ्यातच दिली गेली. विंडोजमधलं डीफ्रॅग हीच सोय वापरतं आणि बाहेरची जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरंही. प्रत्यक्ष उचलाठेव विंडोजच करतं. कोणता तुकडा कुठे न्यायचा, एवढंच सॉफ्टवेअर सांगतं. त्यामुळे 'आमचं तंत्र दसपट वेगवान' अशा जाहिराती वाचताना हे आठवावं.

वापरायचं असं. मघाची ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जची खिडकी उघडा. हार्ड डिस्क निवडून 'ॲनलाइझ' दाबा. थोड्या वेळानं तुकड्यांची टक्केवारी येईल. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर बंद करून उठा. जास्त असेल तर 'ऑप्टिमाइझ' दाबा.

खाली वेळापत्रक दिसेल, मुळात ते आठवड्याला एकदा असं चालू असतं. पण शेवटचं कधी झालं तो रकाना बघा. कित्येक घरी तिथे महिनोन्‌महिन्यांपूर्वीची तारीख असते, कारण विंडोज ही कामं कॉम्प्युटर चालू पण रिकामा असताना करतं. मूळ वेळ रात्री दोनची. आपल्याकडे संध्याकाळी तासभर काम झालं की मशीन बंद, वर भिंतीवरचं बटणही बंद. मग बिचाऱ्याला रिकामा वेळ मिळणार कधी? महिन्यातून एका रविवारी कॉम्प्युटर चालू ठेवून जेवायला बसा, तेवढ्यानं वेळापत्रक रुळावर येतं.

टक्केवारीऐवजी तपशील हवा असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डी-ई-एफ-आर-ए-जी टाइप करून जागा सोडा, मग सी आणि कोलन, पुन्हा जागा, तिरपी रेघ आणि ए, पुन्हा जागा, तिरपी रेघ आणि व्ही. हे फक्त तपासतं, हलवत काही नाही. किती फायलींचे तुकडे झालेत, मोकळ्या जागेचा सर्वात मोठा सलग पट्टा केवढा आहे, हे सगळं कळतं. ए च्या जागी एक्स दिलात तर मोकळी जागा एकत्र केली जाते. ही सोय खिडकीत नाही.

बाहेरच्या सॉफ्टवेअरची गरज कधी पडते

एक, एखाद-दुसऱ्याच फाइलचं दुखणं असेल तेव्हा. दोन, नेमक्या कोणत्या फायली विखुरल्या आहेत ते बघायचं असेल तेव्हा. तीन, रंगीत चौकोन बघायचेच असतील तेव्हा. तिसरं कारण मी हसण्यावारी नेत नाही, मलाही ते आवडतात.

पहिल्या कारणासाठी कॉन्टिग घ्या. हे मार्क रुसिनोविच यांचं, सिसइंटर्नल्स या संचातलं आहे. तो संच २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे, त्यामुळे जाहिरात नाही आणि सोबत चिकटून येणारं काही नाही. त्याला खिडकी नसते, कमांड लिहावी लागते: एका फाइलचं नाव द्यायचं, ती सलग करून मिळते. आउटलुकची मेलची फाइल, व्हर्च्युअल मशीनची डिस्क, असल्या वर्षानुवर्षं फुगत गेलेल्या फायलींसाठी याच्याएवढं सुटसुटीत दुसरं काही मला सापडलं नाही. फक्त तो प्रोग्रॅम आधी बंद करा. आउटलुक उघडं ठेवून त्याची फाइल हलवायला जाऊ नये.

दुसऱ्या कारणासाठी डीफ्रॅगलर. पिरिफॉर्म या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०१७ मध्ये कंपनीसकट अवास्टकडे गेलं आणि २०१८ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. तरीही विंडोज १० च्या हार्ड डिस्कसाठी मी आजही तेच सांगते, कारण तपासणीनंतर ते फायलींची यादी देतं: नाव, तुकडे, आकार. तुकड्यांच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमानं लावा, वरच्या वीस-पंचवीस फायलींवर टिक करा आणि तेवढ्याच दुरुस्त करा. दहा मिनिटांत उरकतं आणि फायदा जवळजवळ पूर्ण डिस्क केल्याएवढा मिळतो.

इथे एक गोंधळ हमखास होतो. विंडोज म्हणतं २ टक्के आणि डीफ्रॅगलर म्हणतं ३० टक्के. दोघंही खरं बोलत असतात. व्हिस्टापासून विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठा तुकडा मोजतच नाही. तो निर्णय बरोबर आहे: ६४ एमबी वाचायला साध्या डिस्कला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्यात १३ मिलिसेकंदांची भर म्हणजे शंभरला दोन. मघाचा सिनेमाचा हिशेब आठवा. डीफ्रॅगलर मात्र असल्या फायलीही 'तुकडे झालेल्या' म्हणून धरतं. त्यामुळे तो मोठा आकडा बघून घाबरून पूर्ण डिस्क लावायला घेऊ नका.

ऑसलॉजिक्स डिस्क डीफ्रॅग आणि आयओबिटचं स्मार्ट डीफ्रॅग ही दोन नावं शोधताना सतत दिसतील. दोन्ही काम करतात, दिसायला देखणी आहेत. पण दोघांचाही खरा धंदा पैशाची आवृत्ती विकण्याचा आहे, त्यामुळे खिडकीत सतत 'घ्या ना' चालू असतं. अल्ट्राडीफ्रॅग ७ व्या आवृत्तीपर्यंत मुक्त स्रोत होतं, त्यानंतर ते विकत झालं. मुक्त स्रोताचा आग्रह असेल तर ७ ची शेवटची आवृत्ती शोधावी. मायडीफ्रॅग हे जेरोन केसेल्स यांचं जुन्या जाणकारांचं लाडकं. नेहमी लागणाऱ्या फायली डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे बाहेरच्या कडेला आणून ठेवायचं, कारण तिथे वाचण्याचा वेग आतल्या वर्तुळांच्या जवळपास दुप्पट असतो. ते २०१० नंतर पुढे सरकलेलं नाही. जुन्या आठवणींपुरतं ठीक, आता नव्यानं शोधायला जाऊ नका.

निवडताना मी कशावर फुली मारते तेही सांगते. सतत मागे चालू राहून 'रिअल टाइम' डीफ्रॅग करणारी सोय नको. त्यानं डिस्क कायम कामाला जुंपलेली राहते, आणि आपल्याला तर ती मोकळी हवी होती. विंडोज सुरू होण्याआधी चालणारं 'बूट टाइम' डीफ्रॅगही नको. एरवी न हलणाऱ्या पेजफाइलसारख्या (विंडोज रॅममधला मजकूर जिच्यात टाकतं ती) फायली त्यात हलतात, पण फायदा नगण्य आणि मध्येच अडकलं तर घरच्यांची बोलणी तुम्हालाच. 'रॅम डीफ्रॅग' नावाचं बटण दिसलं तर ते सॉफ्टवेअरच ठेवू नका. रॅममध्ये दांडी नाही, फेरी नाही, तिथे तुकड्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

उतरवताना

शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात. त्यातली पहिली लिंक मूळ कंपनीची असेलच असं नाही. पत्ता वाचून मूळ ठिकाणावरूनच घ्या. उतरवलेली फाइल व्हायरसटोटलवर टाकून तपासा. ही सेवा गूगलच्या मालकीची आहे आणि एकाच वेळी अनेक अँटीव्हायरसकडून फाइल बघून घेते. मूळ ठिकाणही शंभर टक्के बिनधोक नसतं. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या एका अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला होता. सीक्लीनर म्हणजे डीफ्रॅगलरचंच भावंड, डीफ्रॅगलरला मात्र त्यात काही झालं नव्हतं.

बसवताना 'कस्टम' निवडा आणि प्रत्येक पानावरच्या टिका वाचा. ब्राउझर, अँटीव्हायरस, 'ड्रायव्हर अपडेटर', 'पीसी स्पीडअप', जे जे सोबत देऊ करतील त्याला नाही म्हणा. आणि 'विंडोजबरोबर सुरू करा' ही टिक काढा.

चालवताना

रात्री जेवणं झाल्यावर लावा. पाचशे जीबीची, वर्षानुवर्षं न आवरलेली डिस्क असेल तर पहिल्यांदा कित्येक तास लागतील. अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी त्याच वेळी लागलेली नाही ना, ते बघा. लॅपटॉप चार्जरला लावून टेबलावर ठेवा, गादीवर नको, डिस्क तापते.

मध्येच वीज गेली तर? तुकडा हलवताना आधी नव्या जागी प्रत होते आणि मगच नोंद बदलते. शिवाय एनटीएफएस आपल्या बदलांची वही ठेवतं. त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी देखभालीसाठी वीज जाणार असल्याचा मेसेज आलेला असेल, तर एक दिवस थांबा. थांबवायचंच झालं तर 'स्टॉप' दाबा, बटण बंद करू नका.

दोन अडचणी इथेच सांगते. सिस्टिम रिस्टोअर चालू असलेल्या ड्राइव्हवर पूर्ण डीफ्रॅग केलं की जुने रिस्टोअर पॉइंट नाहीसे होऊ शकतात, कारण विंडोजला हलवलेले कप्पे 'बदललेले' वाटतात आणि त्यांच्या जुन्या प्रतींनी राखीव जागा भरून जाते. एखादा रिस्टोअर पॉइंट मुद्दाम जपून ठेवला असेल तर आधी विचार करा. दुसरी अडचण एसएमआर जातीच्या डिस्कची. कित्येक स्वस्त पोर्टेबल आणि लॅपटॉपच्या १ व २ टीबीच्या डिस्कवर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. अशा डिस्कवर पूर्ण डीफ्रॅग दोन-दोन दिवस रखडू शकतं. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात एसएमआर की सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) ते बघा. एसएमआर असेल तर टिक केलेल्या फायलींपुरतंच थांबा.

फरक पडला का, हे मोजा

'आता जरा बरं वाटतंय' यावर जाऊ नका. डीफ्रॅगच्या आधी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन गोष्टींना लागणारा वेळ नोंदवा: बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत, आणि रोजची एखादी मोठी फाइल उघडायला. प्रत्येकी तीनदा. डीफ्रॅगनंतर पुन्हा तेच करा. मोजायच्या आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, नाहीतर फाइल रॅममधूनच उघडेल आणि डीफ्रॅगला फुकटचं श्रेय मिळेल.

फरक दिसला तर सॉफ्टवेअर काढून टाका आणि पुढचं आठवड्याचं काम विंडोजवर सोपवा. तीन-चार महिन्यांनी यादी बघावीशी वाटली तर परत बसवता येतं.

फरक दिसला नाही, डिस्क निरोगी आहे आणि रॅमही पुरेशी आहे, तर मग डीफ्रॅगनं होण्यासारखं काही उरलेलं नाही. सी ड्राइव्हसाठी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घ्या आणि विंडोज तिच्यावर नव्यानं बसवा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे कॉम्प्युटर झेपवत असेल तर त्याच फटक्यात ११ वर जा. काढलेली हार्ड डिस्क टाकू नका. यूएसबीचं केसिंग घालून ती बॅकअपला वापरा, आणि तिच्यावर वरचेवर डीफ्रॅग करत बसू नका.